हवेत सोडलेली तार

चिमटीत धरावी तर पायच आधी टोचावेत अशी ती काळी चिप उलट्या पडलेल्या किड्यासारखी पाकिटावर पडली होती – आणि ते पाकीट कशाचं हे त्याला न बघताही ठाऊक होतं. मुलीच्या पत्राचं. पत्र आलं तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडाला एक पान नव्हतं, आता बाहेरचं काही दिसत नाही इतकी आहेत. उत्तर मात्र अजून गेलेलं नाही. टेबलावरच्या बाकी सगळ्या वस्तूंनी या काळात जागा बदलल्या, पाकीट तेवढं तिथंच, कधी तारांच्या गुंत्याखाली, कधी चष्म्याखाली, आज या चिपेखाली.

‘बाबा, फोनवर तुम्ही नुसतं बरं म्हणता, म्हणून लिहितेय,’ अशी सुरुवात होती. पुढचं पाठ झालं होतं. टाकी वाहिली, खालच्या मजल्यावरच्या वकिलांच्या छतातून पाणी थेट त्यांच्या फायलींवर गळलं, वकिलांनी फोन केला – त्याला नाही, तिला! – आणि आता तुम्ही एकट्यानं राहायचं नाही, घर भाड्यानं देऊ, इकडे या. ‘आज पाणी आहे, उद्या गॅस असेल.’ वाक्य चांगलं होतं. सगळं आयुष्य छापखान्यात दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात गेल्यामुळे राग आला तरी वाक्य चांगलं आहे हे त्याला आधी दिसायचं. पत्रात सगळं जागच्या जागी होतं. फक्त अख्ख्या पत्रात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

उत्तर द्यायचं तर नुसत्या शब्दांनी नको, असं त्यानं तेव्हा ठरवलं होतं. शब्दांवर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता. चारचौघांत बोलायला उभा राहिला की वाक्य अर्ध्यावरच राहायचं, आणि मुलीसमोर तर... मुलीसमोर तो चारचौघांपेक्षाही गप्प. म्हणून मग ही चिप. बाजारात टाकीला लावायचं तयार यंत्र मिळतं, दुकानदारानं समोर ठेवलंही होतं, पण ते लावलं असतं तर यंत्र हुशार ठरलं असतं, मी नाही. मला स्वतःला ते करता यायला हवं. टाकी भरत आली की पाण्यावरचा फ्लोट वर येणार, चिपेला ते कळणार, चिप रिलेला, म्हणजे विजेच्या आपोआप चालणाऱ्या खटक्याला, सांगणार, रिले ‘टक्’ करून मोटरीची वीज तोडणार. ते निर्दोष चाललं की लिहायचं – टाकी आता वाहत नाही, मी येत नाही. पण निर्दोष झाल्याशिवाय टेबलावरून कागद सोडायचा नाही ही जन्मभराची खोड, आणि यंत्र काही निर्दोष होईना.

फोन वाजला. मुलगीच.

“बाबा, जेवलात?”

“हो.”

“खोलीला रंग दिला. फिकट पिवळा. तुम्हाला वाचायला उजेड हवा म्हणून. पलंगही सांगितलाय.”

“पलंग?”

“मग काय जमिनीवर झोपवणार आहे तुम्हाला? पुढच्या आठवड्यात हे गाडी घेऊन येतील तिकडे. पुस्तकं मात्र थोडीच घ्या हं, नाहीतर तुम्हाला बसायला जागा उरायची नाही.”

“पण मी कुठं...”

“काय?”

“काही नाही.”

“तुम्ही नाही म्हणाला नाहीत ना बाबा, मग आम्ही धरून चाललो. बरं?”

“बरं,” तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तो शब्द तोंडात बराच वेळ राहिला, गोळी पाण्याशिवाय गिळल्यासारखा.

तारा, चिप, रिले, सगळं बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरून तो इलेक्ट्रॉनिक्सच्या क्लासला निघाला. जिना उतरताना वकिलांच्या दारापाशी पाय आपोआप हलके पडले, आणि त्याचा त्याला राग आला. माझ्या घराच्या जिन्यावर मी चोरासारखा! त्यानं पुढच्या पायरीवर मुद्दाम चप्पल आपटली. दार उघडलं नाही. बरं झालं उघडलं नाही ते.

वाटेत एका इमारतीच्या गच्चीवरून पाणी पडत होतं, आणि खिडकीतून कोणी बाई ओरडली, “अगं मोटर! मोटर बंद कर!” – त्याची पावलं थांबली. अशीच हाक. स्वयंपाकघरातून, हातात काहीही असलं तरी, टाकीचा आवाज बदलायच्या आधी बायकोची हाक यायची, “अहो, मोटर!” तिला कसं कळायचं? ना घड्याळ, ना बघणं. पाणी पडण्याचा आवाज आधी पोकळ असतो, मग भरीव होतो, मग आखूड, असं ती सांगायची. तो हसायचा, वाचत असलेल्या पानात बोट घालून उठायचा आणि बटण दाबायचा. सगळ्या संसारात टाकी एकदाही वाहिली नाही. आणि ती गेल्यावर, त्या दिवशी... पाणी वाहिल्याचा आवाज त्याला ऐकू आला होता. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वकिलांना वाटलं म्हातारा बहिरा, मुलीला वाटलं बाबा विसरायला लागले. दोन्ही खोटं. स्वच्छ ऐकू येत होतं, पानात बोटही घातलं होतं – तो फक्त हाकेची वाट बघत बसला होता.

क्लास एका दुकानाच्या वरच्या खोलीत होता. लांब टेबलावर डाग देण्याच्या गरम सळईचे काळे चटके, कोपऱ्यात त्याच्या प्रयोगाची पाण्याची बादली. शेजारच्या खुर्चीवर कोंबड्यांची पिल्लं उबवण्याचा धंदा करणारी बाई बसायची. तिच्या पेटीची ऊब कायम राखणारं यंत्र तिला करायचं होतं, आणि आवाज असा की अंडी नुसत्या बोलण्यानंच फुटावीत.

“आले आले, पाटबंधारे खातं आलं!” ती म्हणाली. “आजोबा, आज तरी भरू द्या बादली.”

त्यानं जोडणी मांडली. मोटरीच्या जागी सध्या एक दिवा. फ्लोट कोरडा, खाली पडलेला. म्हणजे टाकी रिकामी, म्हणजे दिवा लागून राहायला हवा. दिवा लागला. विझला. रिले टकटक टकटक करू लागला. त्यानं तार सरळ करायला हात नुसता जवळ नेला, अजून शिवलाही नाही, तर दिवा विझला. हात मागे घेतला, तर लागला.

“अगं बाई, हात दाखवला की ऐकतो हा! माझ्या नवऱ्यावर करून बघा हो जरा.”

सगळे हसले. तोही हसला, कानांपर्यंत लाल होत. पण आज त्याला डबा आवरून घरी जावंसं वाटेना, एरवी अशा वेळी वाटायचं तसं. चिपेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्यानं क्लासच्या कॉम्प्युटरवर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला, बोट ठेवून, प्रत्येक अक्षर, जसा प्रेसमध्ये वाचायचा. एकही चूक नव्हती. मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं – हात वर केला.

“मॅडम, इकडे या. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नाही. तरी हे चालत नाही. का?”

शिकवणारी मुलीच्याच वयाची. खाली वाकून तिनं तार पाहिली, पडदा पाहिला.

“काका, लिहिलेलं बरोबरच आहे. जे लिहिलं नाहीत ते चुकलंय. फ्लोट वर आला की तो चिपेच्या या पायाला, या पिनला, विजेशी जोडतो, ठीक. पण तो खाली असतो तेव्हा ही पिन कशाला जोडलेली आहे?”

“कशालाच नाही.”

“मग तिनं काय समजायचं?”

“की... टाकी भरलेली नाही.”

“ते तुम्हाला वाटतं. काहीच नाही म्हणजे नाही, असं तिच्या लेखी नसतं. तुम्ही तिला हवेत सोडलीय. अशी पिन आजूबाजूला जे असेल ते ऐकते. तुमचा हात, वरची ट्यूबलाइट, काहीही. कधी हो म्हणते, कधी नाही.”

तो तारेकडे बघत राहिला. फिकट पिवळा रंग. पलंग. तुम्ही नाही म्हणाला नाहीत ना बाबा... इतके दिवस तो समजत होता की आपण न बोलून नकार धरून ठेवलाय, घट्ट, मुठीत. आणि तिकडे एक भिंत रंगवून झाली होती. तिचं काय चुकलं? हवेत तर मी सोडलं होतं.

“मग तिला बांधायचं कशानं?” त्यानं विचारलं. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “बाहेरून काही आणून लावावं लागेल?”

“नाही हो. चिपेच्या पोटातच त्याची सोय असते. पिनला आतून एका बाजूला ओढून धरते. फक्त ती चालू कर असं तुम्हाला चिपेला सांगावं लागतं. एक ओळ. आणि फ्लोटची दुसरी तार विजेऐवजी ग्राउंडला, म्हणजे शून्याला जोडा.”

त्यानं तार बदलली, ती ओळ लिहिली. टकटक थांबली. दिवा विझला आणि विझलेलाच राहिला. त्यानं हात जवळ नेला, दूर नेला, तारेवरून फिरवला, काही नाही. मग बादली काठोकाठ येईपर्यंत पाणी ओतलं, फ्लोट वर आला, आणि दिवा झगझगीत लागला.

“घ्या!” उबवणवाली म्हणाली. “रिकाम्या पोटी उपास, आणि ढेकर दिल्यावर वाढतोय!”

“अट उलटी झाली काका,” मॅडम दुसऱ्या टेबलावरून म्हणाल्या. “आता शून्य म्हणजे भरली. सगळ्या अटी त्याप्रमाणे बदला. आणि दिव्यावर चाललं म्हणजे मोटरीवर चाललं असं नाही हं. तिथं नवीन भानगडी निघतील.”

“निघू देत,” तो म्हणाला. “मी कुठं जातोय?”

कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण त्याचं त्यालाच ते वाक्य ऐकू आलं, स्वच्छ, पाणी वाहत असल्यासारखं. त्यानं वहीतलं एक पान फाडलं. अटी राहिल्या तशाच उलट्या, दिवा भरल्या बादलीवर बेशरमपणे जळत होता, आणि तो लिहू लागला.

‘टाकीसाठी मी एक यंत्र करतोय. ते अजून झालेलं नाही. कदाचित होणारही नाही. टाकी पुन्हा वाहू शकते. तरी मी येणार नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं, तुझा रंग वाचला असता. मी बहिरा झालेलो नाही, विसरतही नाही. त्या दिवशी पाणी मला ऐकू आलं होतं. तुझ्या आईच्या हाकेची वाट बघत होतो...’ इथं त्यानं ही ओळ खोडली, मग खोडलेलीच पुन्हा वर लिहिली. ‘आता बघणार नाही. वकिलांशी मी बोलेन. पिवळ्या खोलीत तू बस, दार लावून वाचत जा. लहानपणी तुला अशी खोली द्यायला जमलं नव्हतं. गाडी पाठवू नका. तू ये, राहायला ये.’

पोस्टाच्या काउंटरपाशी पाकीट घेऊन तो थोडा वेळ थांबला. जन्मात त्यानं खाडाखोडीचा कागद हातावेगळा केला नव्हता. घरी जाऊन स्वच्छ प्रत करायला काय हरकत आहे, आतून नेहमीचा तो आवाज म्हणाला, नम्र, समजूतदार. उद्या टाकता येईल, यंत्र झाल्यावर टाकता येईल, एखादा शब्द सौम्य... त्यानं खोडलेली ओळ तशीच घडीत घातली, पाकीट चिकटवलं आणि पेटीच्या फटीत आतपर्यंत ढकललं. सुटलं. खाली पडल्याचा आवाज पोकळ आला – पेटी रिकामी असावी.

मुलगी रडेल, चिडेल, कदाचित उद्याच येऊन दारात उभी राहील, आणि मग तिच्यासमोर हेच तोंडानं म्हणता येईल की नाही कोण जाणे. बगलेत डबा होता, डब्यात चिप, चिपेत उलटी अट. तो घराच्या दिशेनं वळला, आणि चालता चालता लक्षात आलं की आपण मघापासून पुटपुटतोय, ‘बरं’ नाही, ‘बरं’ नाही म्हणायचं, ‘नाही’ म्हणायचं... समोरून येणाऱ्या कुणीतरी वळून पाहिलं. बघू दे.