मौनातल्या टिचक्या

"वहिनी, डब्याचा दिवा हिरवा झाला का मंग डायलची कमांड द्या. अडलं तं मले फोन करा," असं सांगून दीर श्याम अकोल्याला परतला होता. फोनच्या तारेवरून इंटरनेट देणारा त्याचा जुना आयएसडीएनचा डबा त्याने आमच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला जोडून दिला होता.

अडलं नेमकं सोमवारी, माझ्या मौनाच्या सकाळी. लेक चारुता अचलपूरला मावशीकडे गेलेली, तिथे नेट नाही. तिच्या नोकरीचा होकार बाराच्या आत मेलने गेला नाही, तर जागा दुसऱ्याला. डबा हिरवागार, पण पडद्यावर सारखं 'नो कॅरिअर', म्हणजे लाइनच जुळेना.

मोबाइलवरून श्यामला फोन लावला आणि नुसती टिचकी मारली.

"कोण? अरे देवा, सोमवार! वहिनी, 'हो'ले एक टिचकी, 'नाही'ले दोन. वायर हलली?"

टक टक.

"कमांड बरोबर देऊन राहिल्या ना?"

मी टिचक्यांचा ताशाच वाजवला.

"माफ करा, माय!" मग तो एकदम खो खो हसला. "मीच बयताड! डब्यात लाइनचा नंबर माझा अकोल्याचाच राहिला. तुमचं एक्स्चेंज त्याले कायले ओळखते?"

त्याने सांगितलेल्या कमांडने मी आमचा अमरावतीचा नंबर भरला. डायल केलं. कनेक्ट! मेल सुटली आणि मी पदर तोंडात कोंबून हसत सुटले.

"हसलेलं चालते का मौनात?"

टक!

टिचक्या मारता मारता अंबादेवीला मनातच ओटीचा नवस बोलले होते. खण-नारळ घेतला, चपला घातल्या आणि काही न बोलता निघाले.