लॉनची कड

"ज्या समाजाला कड समजली, तोच समाज पुढं गेला!" संगमेश्वर सर उजवा हात आभाळाकडं करून म्हणाले, आणि स्वतः पुढं जाण्यासाठी त्यांनी जो पाय उचलला तो चपलेशिवाय वर आला. चप्पल लॉनच्या कडेच्या चिखलात राहिली होती.

लॉन राखणाऱ्या गुंडप्पानं ती उपसून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सरांच्या पायाशी ठेवली.

"बघितलं मामा?" सर एका पायावर उभे राहून म्हणाले. "लॉन कुठं संपतं आणि वाट कुठं सुरू होते हे मला कळंना, तर पालकांना काय कळणार? पोरगं टाकायला आलेला माणूस आधी गवत बघतो. गवत जिथल्या तिथं दिसलं की त्याला वाटतं, आपलं पोरगं पण इथं जिथल्या तिथं राहील."

हे बाकी खरं होतं. त्या वर्षांत लातूरच्या रिंगरोडला जिथं बघावं तिथं क्लास उगवत होते. भूकंपानं गावं पाडली आणि नंतरच्या काळानं वसतिगृहं उभी केली. नांदेडपासून देगलूरपर्यंतचे बाप पोरांना गाद्या-बादल्यांसकट आणून इथं सोडत आणि डॉक्टर करून परत मागत. क्लासवाल्यांनाही एकमेकांपेक्षा वेगळं दिसणं भाग होतं. कोणी इमारतीला काचा लावल्या, कोणी दारात विज्ञानाची देवी बसवली. संगमेश्वर सरांनी लॉन केलं.

"तर फाटकापासून पायरीपर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांनी पत्र्याची पट्टी गाडायची. एकदम सरळ. पत्रेवाल्या हनीफला सांगितलंय. पालकसभेच्या आत झालं पाहिजे."

"हाव सर," गुंडप्पा म्हणाला. पण त्याचं ध्यान सरांकडं नव्हतं. सरांनी फाटकापासून पायरीपर्यंत जी सुतळी ताणून बांधली होती, तिच्याकडं होतं. डाव्या अंगाची सुतळी गुलमोहराच्या रोपापुढं जिथून जात होती, तिथं गंगम्मा होती. म्हणजे, असावी.

गंगम्मा ही गुंडप्पाची बायको. आणि लॉन होण्याआधी ही जमीन गुंडप्पाचं शेत होतं.

भूकंपाच्या पहाटे गंगम्मा माहेरी होती, किल्लारीच्या अंगाला. विसर्जन बघून येते म्हणून गेलेली. गुंडप्पा पोचला तेव्हा तिथं माणसांना ओळीनं ठेवून, दारं-चौकटी रचून अग्नी द्यायचं चाललं होतं. एक साहेब म्हणाले, हिलाही घ्या. गुंडप्पा तिचा पाय धरून चिखलात बसला. "आमच्यात जाळत न्हाईत साहेब. आमच्यात बसवतात." साहेबांनी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. गुंडप्पानं पाय सोडला नाही. हनीफ त्या दिवशी शेडसाठी पत्रे घेऊन टेंपोनं तिथं आला होता. रिकाम्या टेंपोतून त्यानं दोघांना लातूरला आणलं. जंगमस्वामींनी विधी केला. आपल्या शेतात, खड्ड्यात, मांडी घालून, हातात लिंग देऊन, विभूती-बेल वाहून गंगम्माला बसवलं. वर गुंडप्पानं दगडाचा कट्टा बांधला. त्या भागात ज्यांना आपलं माणूस आपल्या रीतीनं पोचवता आलं अशी माणसं थोडी होती. गुंडप्पा त्यांतला एक, आणि हे तो चारचौघांत सांगत असे.

पुढं रिंगरोड झाला. शेताच्या दोन्ही अंगांना इमारती आल्या आणि गुंडप्पालाही शेत विकावंसं वाटलं. कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. पोरगा वीरण्णा म्हणाला, गावात मेडिकलचं दुकान टाकू. गुंडप्पा म्हणाला, टाकू. एजंट जमीन बघून गेला आणि जाता जाता बोलला, "बाकी सगळं झकास हाय मामा. तेवढं कट्ट्याचं बघा."

आता 'बघा' म्हणजे काय, हे एजंटानं सांगितलं नाही आणि गुंडप्पानं विचारलं नाही. एका दुपारी, सगळी आळी एका लग्नाला गेलेली असताना, त्यानं कट्टा स्वतःच्या हातानं उकलला. दगड विहिरीत टाकले आणि वरून नांगर फिरवला. काम इतकं चोख झालं की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच जागा दिसेना. पुढं सरांनी विहीर बुजवली, बांध मोडला, बाभळ तोडली, वर मुरूम टाकला आणि मुरमावर गवत पसरलं.

सौदा करताना गुंडप्पानं एकच अट घातली, "मला हितंच कामावर ठेवा." सरांना गहिवरून आलं. भाषणात ते त्याला 'मातीवर प्रेम करणारा माणूस' म्हणत, आणि टाळ्या पडल्या की गुंडप्पा खाली बघत असे. लोक त्याला विनय समजत.

हनीफ पट्ट्या घेऊन आला. काम नीट होतं: वरची धार दुमडलेली, म्हणजे पोरांचे पाय कापू नयेत, खाली रोवायला सळईचे तुकडे जोडलेले. गुंडप्पानं फाटकापासून चर खणत आणला. गुलमोहरापाशी आल्यावर कुदळ बाजूला ठेवली आणि खुरपं घेतलं. मग खुरपंही ठेवलं.

"हनीफभाई, ही पट्टी हितनं जरा वाकवता का? अशी, बाहेरून?"

"कायको वाकवू? सरांनी सरळ सांगितलं, मी सरळ आणली. तुला वाकडं पायजे तर सरांना सांग."

"तुम्ही वाकवा. मी बघतो सरांचं."

"तू बघतो? तुला बघून घेतील ते." हनीफ हसला. मग त्यानं गुंडप्पाचं तोंड बघितलं आणि ओठातली विडी काढली. "भाभी?"

"हाव."

"कट्टा दिसंना झाला तवाच मी इचारणार होतो," हनीफ म्हणाला. "मग म्हटलं, मिया-बिबीचं हाय. आपण मधी कशाला पडायचं?"

तो खाली बसला, पट्टी पाइपावर ठेवली आणि एकेक ठोका देत वाकवू लागला. वाकवून झाल्यावर त्यानं पट्टी जागेवर धरून बघितली आणि मान हलवली.

"पन हितं न्हाई हाय ती."

"न्हाई म्हंजे?"

"मी टेंपो बांधाला लावला होता. तोंड गावाकडं. डाव्या अंगानं उतरवली. म्हंजे तिकडं, त्या नळापाशी."

"टेंपो तुम्ही उलटा घातला होता."

"उलटा? तसल्या चिखलात? गुंडप्पा, अरे ड्रायव्हर मी का तू?"

"नवरा मी का तुम्ही?"

हनीफनं विडी परत ओठात धरली. पण गुंडप्पाला नवरा असूनही ठाम सांगता येत नव्हतं. हनीफचं ऐकल्यापासून त्यालाही वाटायला लागलं होतं, नळापाशी असेल. आणि थोड्या वेळानं वाटलं, नळ आणि गुलमोहराच्या मधोमध असेल. तो लॉनवर चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं चालला. मग आपण चालतोय कशावर, हे ध्यानात येऊन गवताबाहेर उडी मारून उभा राहिला.

"तवा साहेबाशी भांडून आणली तिला," तो म्हणाला. "तिथंच राहिली असती तर लोकांसंगं तरी राहिली असती. निदान सगळे मिळून हितं हाईत, असं तरी म्हणता आलं असतं."

"असं बोलू नये रे."

"मग कसं बोलू? तुम्ही सांगा."

हनीफनं आणखी एक पट्टी घेतली.

शेवटी तोड निघाली ती अशी, की दोघांच्याही जागा पट्टीच्या आत घ्यायच्या. त्यात गुंडप्पाला दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, स्वामी पूर्वेला तोंड करून बसले होते, म्हणजे अजून थोडं अलीकडं. पट्टी अलीकडं आली. दुपारी वाटलं, पाय पसरायला नको का तिला? मांडी घालून बसवलंय हे आठवून तो स्वतःवरच ओशाळला. तरी पट्टी लांबवलीच. उजव्या अंगाची कड फाटकापासून पायरीपर्यंत फुटपट्टीसारखी गेली होती. डावीकडं मात्र ती निम्म्या वाटेवर लॉन सोडून भलतीकडं निघायची, नळाला वळसा घालायची आणि बऱ्याच विचारानं परत यायची. त्या वळशाच्या आतल्या गवताला गुंडप्पानं यंत्र लावलं नाही. ते वाढून घोट्याला लागायला लागलं.

पालकसभेच्या आदल्या दिवशी सर बघायला आले. फाटकात उभे राहून त्यांनी उजवी कड बघितली, "वा" म्हणाले, आणि डावीकडं वळले.

"हे काय काढलंय? आफ्रिका?"

हनीफ हत्यारं पुसायला लागला. ती आधीच पुसलेली होती.

"मामा, मी सरळ म्हणालो होतो. ज्याला लॉन सरळ जमत नाही तो आमच्या पोरांना फिजिक्स काय शिकवणार, असं म्हणतील उद्या पालक. उपटा ते."

"उपटत न्हाई सर," गुंडप्पा म्हणाला. मग टोपी काढून हातात घेतली आणि सांगून टाकलं. कट्टा, नांगर, सगळं. सांगताना तो अधूनमधून थांबत होता, कारण आता सर ओरडतील, शिव्या देतील, कदाचित पोलिसांत जाईन म्हणतील, असं त्याला वाटत होतं. खरं म्हणजे तो त्याचीच वाट बघत होता. कोणीतरी एकदा धरून चांगलं झापावं, म्हणजे सुटलो.

सर ओरडले नाहीत. ते पायरीवर बसले.

"मला माहीत आहे की," ते म्हणाले. "पहिल्यांदा जमीन बघायला आलो तेव्हा कट्टा होता. मी नमस्कार पण केला होता. दुसऱ्यांदा आलो तर नव्हता. मला वाटलं, तुम्ही त्यांना हलवलं. स्वामींना विचारून दुसरीकडं नेलं असेल."

गुंडप्पानं नकाराची मान हलवली.

"अहो मामा, माझे वडील पण शेतातच आहेत, औशाला. आपल्यात कोणाचं कोण शेतात नाही? या रिंगरोडला असा प्लॉट दाखवा ज्याच्याखाली कोणी बसलेलं नाही. कट्टा ठेवला असता तर मी कडेनं बांधलं असतं. दिवा लावला असता. मला एका शब्दानं विचारायचं तरी."

झापणं म्हणावं असं काही गुंडप्पाला मिळालं असेल तर ते एवढंच. हनीफनं दुसरीकडं तोंड केलं. गुंडप्पा हातातली टोपी एकदा उलटी, एकदा सुलटी करत राहिला. मग एकदम पुढं झाला.

"सर, तुम्ही नमस्कार केला म्हणता. मग तुम्हाला म्हाईत असंल. कुठं होता कट्टा?"

सर उठले. त्यांनी फाटकाकडं बघितलं, इमारतीकडं बघितलं, डोळे बारीक करून मनातल्या मनात इमारत बाजूला काढून बघितली. बऱ्याच वेळानं त्यांनी बोट उचललं. बोट गुलमोहराकडं गेलं नाही, नळाकडंही गेलं नाही. ते सायकल स्टँडकडं गेलं.

"त्या अंगाला होता बहुतेक," ते म्हणाले. "पण कट्टा मी एकदाच बघितला होता. नक्की नाही सांगता येत."

तिघंही सायकल स्टँडकडं बघत राहिले. तिथं पोरांच्या सायकली एकमेकींवर रेलून उभ्या होत्या.

"राहू द्या पट्टी," सर हळू आवाजात म्हणाले. "वाकडी तर वाकडी. कोणी विचारलं तर डिझाइन आहे म्हणून सांगू."

"हाव सर."

सर फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि जरा संकोचून मागं वळले.

"मामा, तेवढं आतलं गवत मात्र कापून घ्या. उद्या पालक येतील."