यंत्रालाही सोसवेना

सुनेने शेगडी पेटवली की सासूचं डोकं दुखायचं. सासूची जीभ मुळात तिखट. डोक्याला पट्टी बांधून ती मुलाला म्हणायची, "तुझ्या बायकोच्या स्वयंपाकापुढे मी हात टेकले." सुनेचंही डोकं जड व्हायचं, पण ते तिने सासूच्या बडबडीच्या खात्यावर मांडलं होतं.

घर नवं, हवाबंद. सासूच्या खोलीलगतच्या कपाटात घर उबदार ठेवणारा, गॅसवर चालणारा हीटर, आणि सगळं आपोआप. वाफ लागली की स्वयंपाकघरातला पंखा स्वतःच जोर धरायचा आणि हवा बाहेर फेकायचा. ताजी हवा आत येण्यासाठी भिंतीत झडप होती. थंडी सुरू होताच मुलाने ती मोबाइलवरून बंद केली. गार हवा कशाला घरात घ्यायची, म्हणाला. मोठा शहाणा माणूस.

मग पॅसेजमधला अलार्म कोकलू लागला, तोही नेमका सून काही शिजवत असताना. तळणाच्या धुराने वाजतो, असं सगळ्यांनी धरून चाललं. सासूच्या हाती आयतं कोलीत आलं. "घ्या. यंत्रालाही हिचा स्वयंपाक सोसवेना."

मुलगा पोट धरून हसला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्टुलावर चढून अलार्म उतरवला, सेल काढले आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

सासू चार दिवस लेकीकडे राहून आली. तिथे डोकं एकदाही दुखलं नाही, हे तिने आल्या आल्या सांगितलं. सून आतून जळली. पण मनाने ती वाईट नव्हती, आणि रोजच्या कुरबुरींना विटली होती. त्याच दुपारी तिने सासूच्या आवडीचं सूप मंद आचेवर ठेवलं.

"आई, मी पाव घेऊन येते. जरा लक्ष ठेवाल?"

"ठेवते. वास तरी बरा येतोय," सासू म्हणाली. एवढं कौतुक सुनेच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

दुकानात गर्दी होती. ती परतली तेव्हा पंखा घोंघावत होता, सूप छान आटलं होतं आणि सासू आपल्या खुर्चीत मान टाकून बसली होती. सुनेने हाक मारली, हलवलं. सासू गेली होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या माणसाने अलार्म मागून घेतला, सेल घातले. खिडक्या लावून हीटर आणि पंखा सुरू केला.

"पंखा घरातली हवा बाहेर ओढतो," तो म्हणाला. "झडप बंद. मग हवा येणार कुठून? हीटरच्या धुराड्यातून, उलटी. तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. हा अलार्म धुराचा नाही, त्या वायूचाच आहे."

मुलाने मोबाइल काढून पाहिलं, झडप अजून बंदच होती.

थोड्या वेळाने अलार्म कोकलला. शेगडी थंड होती. सून रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी होती.

"आई, बघा ना," ती म्हणाली, "मी काहीच शिजवत नाहीये."