पलंगामागची भिंत

सातव्या महिन्यात मला डोहाळे लागले ते भिंतीच्या चुन्याचे. डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. मी गोळ्याही खायचे आणि भिंतही. नवरा रंगारी. पलंगामागचा माझा खड्डा तो दर रविवारी पुट्टी भरून बुजवायचा.

"लोकांची घरं मी रंगवतो आणि माझं तू खातेस!" असा करवादायचा. सोमवारी मी पुन्हा नखं लावायचे.

एकदा खरवडताना आत जुनी पुट्टी लागली. तिच्याखाली आधीचाच एक खड्डा होता. माझी बोटं त्यात नेमकी बसली.

सासूबाई लाजल्या. "माझाच गं तो. ह्याच्या वेळचा."

मला हसूच फुटलं. पलंग सरकवला, तर शेजारी आणखी एक बुजवलेली जागा.

"आणि हा?"

"तो थोरलीच्या वेळचा."

"कोण थोरली?" माझा नवरा तर एकुलता एक.

सासूबाईंनी पलंग पुन्हा भिंतीला लावला. "तुझं तू खा. तेवढं तिचं राहू दे."

रविवारी नवरा माझ्यावरच डाफरला. दोन्ही खड्डे ताजे उकरलेले होते. दुसऱ्याला मी बोटही लावलं नव्हतं.

सासूबाई मला वाढत होत्या. त्यांची नखं पांढरी होती.