सीटखालून मोजलेला चढ

दुपारी साडेतीन वाजता रुग्णालयाच्या चढावर पांढरी विजेची गाडी थांबली. बॅटरी संपली होती. आत डायलिसिसला निघालेले तीन रुग्ण होते. वरून वॉर्डबॉय धावत आले आणि त्यांनी गाडी ढकलत दारापर्यंत नेली.

मित्रांनो, मी एक जुनी नोंदपेटी आहे आणि आता त्याच गाडीच्या सीटखाली राहते. गाडी किती वेगाने गेली, कुठे थांबली, किती चढली, किती वीज खाल्ली, हे क्षणाक्षणाला टिपणे हे माझे काम. पूर्वी मी डिझेलच्या बसमध्ये होते. पुढे चकचकीत नव्या पेट्या आल्या आणि मी चाचणीशाळेच्या कपाटात पडून राहिले. त्या दुपारीही मी तिथेच होते.

गाडी बंद पडल्याचा ठपका ती चालवणाऱ्या ताईंवर आला.

"कंपनी सांगते तेवढं अंतर गाडी जाते. चाचणीत गेलीय," वाहतूक विभागाचे साहेब म्हणाले. "तुम्ही गाडी चालवत नाही ताई, हाकता. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस."

"हाकली असती तर मागे बसणाऱ्या आजींनीच माझा कान पिळला असता, साहेब."

साहेबांचेही अगदीच खोटे नव्हते. चाचणीशाळेत गाडी मोठ्या रोलरवर चढवतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचे, याचा एक ठरलेला क्रम असतो. त्याला चालनचक्र म्हणतात. जुने चक्र मोकळ्या, सपाट रस्त्याचे होते. त्यात चढ नव्हता, प्रवासी नव्हते, एसी बंद. शाळेत पहिली आलेली गाडी शहरात नापास होत होती.

चाचणीशाळेच्या अभियंताबाईंनी आपल्या शहराचे खरे चक्र बनवायला घेतले आणि मला कपाटातून काढले. डॅशबोर्डवर, ताईंच्या अगदी नाकासमोर बसवले. मी आठवडाभर इमानाने टिपत राहिले. त्यावरून बनवलेले चक्र रोलरवर चालवले, तर गाडी आरामात मुक्कामी पोचली.

"बघा! गाडीत खोट नाहीच," साहेब खूश झाले.

ताईंची गाडी गेल्यातच जमा होती. पण बाई पडद्यावरची वेगाची रेघ पाहत बसल्या होत्या.

"इतकी गुळगुळीत? ताई, खरं सांगा, रोज अशीच चालवता?"

ताई ओशाळल्या. "अहो, ही पेटी समोर लुकलुकत असते. सासूबाई शेजारी बसल्यासारखं वाटतं. एसीसुद्धा लावला नाही मी. पेशंट घामाघूम झाले बिचारे."

बाईंना हसू आवरेना. "मग सासूबाईंना सीटखाली बसवू या!"

तिथे मात्र ताई मला विसरल्या. मग मला खरे शहर कळले. आडवा घातलेला ट्रक, चाकाच्या खुर्चीसाठी उतरणारी फळी, जिना उतरणाऱ्या आजोबांची वाट पाहत एसी चालू ठेवून थांबणे, आणि शेवटी तो चढ. बाईंनी माझ्या नोंदींचे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतचे तुकडे केले. रस्त्यावर जितका वेळ रखडणे, जितका वेळ धावणे, त्याच प्रमाणात तुकडे निवडून ते जोडले. नवे चक्र तयार झाले.

पुन्हा रोलर. या वेळी गाडीत माणसांच्या वजनाच्या गोण्या होत्या, एसी चालू होता. साहेब हाताची घडी घालून उभे. शेवटी चढ आला, म्हणजे रोलर जड झाले. बॅटरीचा काटा उतरत गेला. गाडी कण्हली आणि त्या सपाट खोलीत, बरोबर चढाच्या मध्यावर, थांबली.

साहेबांनी हाताची घडी सोडली.

"आता ढकला, साहेब!" ताई म्हणाल्या.

सगळी चाचणीशाळा हसली. साहेबही हसले आणि त्यांनी गाडीची किल्ली ताईंच्या हातात दिली. पुढे कंपनीला आपला अंतराचा आकडा खाली आणावा लागला. रुग्णालयाच्या फाटकाशी दुपारच्या चार्जिंगची सोय झाली. आता शहरात येणारी प्रत्येक नवी विजेची गाडी आधी माझ्या चक्रावर धावते. कपाटातल्या पेटीने आणखी काय मागावे!

मित्रांनो, माणूस असो की यंत्र, त्याची परीक्षा त्याच्या रोजच्या वाटेवर घ्या. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूची वायर घट्ट आहे ना, तेही अधूनमधून पाहत जा.

ताजी खबर अशी: बाईंना आता शाळेच्या बसचे चक्र बनवायचे आहे आणि त्यासाठी मीच हवी आहे. "सासूबाई कुठेही जाणार नाहीत," असे ताईंनी बजावले आहे. साहेबांनी अजून निकाल दिलेला नाही. दुपारचे साडेतीन वाजलेत. आम्ही चढावर आहोत, आणि गाडी चालली आहे.