काचेचा निळा टॉवेल

शर्मिष्ठाचे केस भलतेच कुरळे. साध्या टॉवेलने पुसले की डोक्यावर झुडूप उगवायचं. कुरळ्या केसांना मायक्रोफायबर बरा, असं तिने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. घरात तसले अकरा टॉवेल होते, पण ते सासऱ्यांच्या गाडीचे!

विद्याधरराव निवृत्त झाल्यापासून नाहूरच्या त्या सोसायटीत त्यांच्या काळ्या गाडीइतके लाड कुणाचे होत नव्हते. टॉवेलांना वेगळा कप्पा, धुवायला वेगळी बादली. त्यातला निळा टॉवेल शर्मिष्ठा रोज गुपचूप उचलायची, केसांना गुंडाळायची आणि वाळवून तश्शीच घडी घालून ठेवायची. महिनाभर सगळं झकास चाललं.

मग गाडीच्या काचेवर तेलकट फराटे उठायला लागले.

विद्याधररावांनी निळ्या टॉवेलवर पाणी शिंपडलं. थेंब वरच बसून राहिले.

"हा पाणी पीतच नाही! कुणीतरी सॉफ्टनरमध्ये बुडवलाय. सुहासिनी!"

"तुमच्या त्या चिंध्यांना मी हातसुद्धा लावत नाही," सासूबाई आतून कडाडल्या.

"पावडर खराब आली असेल, बाबा," शर्मिष्ठा साळसूदपणे म्हणाली आणि हसू दाबत आत पळाली.

रविवारी वरच्या मजल्यावरचा केयूर, नव्या गाडीचा नवा मालक, पार्किंगमध्ये गाडी पुसण्याच्या शिकवणीला आला. बादली धरायला शर्मिष्ठा होतीच. विद्याधररावांनी दोनदा धुऊन काढलेल्या निळ्या टॉवेलची चौपदरी घडी केली, ऐटीत काचेवरून फिरवली आणि थबकले. काचेला एक लांब केस चिकटला होता. स्प्रिंगसारखा.

"काका, हे काय?"

विद्याधररावांच्या डोक्यावर तर चंद्र उगवलेला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून बादलीत बघत होती.

"सीटकव्हरचा धागा," ते म्हणाले आणि केस खिशात टाकला.

लिफ्टचं दार लागलं तशी शर्मिष्ठाची वाचा फुटली. "सॉरी बाबा. केसांना सीरम लावते ना, तेच उतरलं असणार. पण तुमचे टॉवेल इतके मऊ..."

"अगं, पण निळा?" ते भडकले. "तो काचेचा, पातळ विणीचा! त्याने केसांतलं पाणी काय निघणार, कप्पाळ? जाड घ्यायचा ना!"

आपण नीट ऐकलं का, हेच तिला कळेना.

घरी येताच त्यांनी कोरा, जाडजूड तपकिरी टॉवेल काढला आणि कात्रीने त्याचं लेबल उडवलं. "लेबलाने गाडीला चरे पडतात, टाळूचं मला माहीत नाही. सुती कपड्यांत धुवायचा नाही, सगळा कचरा ओढून घेतो. इस्त्री तर अजिबात नाही. आणि घासू नकोस, नुसता दाबायचा."

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन बाहेर आली. बटा कशा सुटसुटीत! विद्याधररावांनी मान तिरकी करून, चष्मा वर सरकवून दोन्ही बाजूंनी नीट पाहणी केली.

"चमक चांगली आलीये," ते म्हणाले. "सीरम कुठलं म्हणालीस? डॅशबोर्डला लावून बघतो."

शर्मिष्ठाने धावत जाऊन बाटली कपाटात टाकली आणि किल्ली फिरवली.