टँकर ताब्यात गेला

त्या मे महिन्यात आमच्या दूध संस्थेकडं दूधच नव्हतं, म्हणून संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली होती. चौसाळ्यापासून आत सहा किलोमीटरवर, उघड्या माळावर, तीनशे चाळीस जनावरं. मी सुंदरराव, संस्थेचा सचिव. आधी दुधाची फॅट तपासायचो, आता कडबा वाटायचो अन् टँकरची वाट बघायचो.

त्यात सरकारी सराव आला. देशावर कुणी चालून आलं तर तालुक्या-तालुक्यातली यंत्रणा कितपत तयार आहे, ते बघायचं होतं. तहसील कचेरीतल्या बैठकीत कळलं की कागदावरचा हल्ला दुश्मनाचा नव्हताच, एका मित्र देशाचा होता. त्या देशाला नावही नव्हतं. माझ्यापुढं सरावाचं संमतीपत्र आलं, मी न वाचता सही केली. छावणीची परवानगी त्याच कचेरीतून महिन्याला वाढवून मिळायची. तिथं काय वाचणार अन् काय विचारणार.

सरावाच्या दिवशी टँकर अकराला पोचला. आदल्या संध्याकाळची खेप आलीच नव्हती, विहिरीवरची मोटार जळाली होती. दावणीची जनावरं कोरड्या हौदाकडं तोंड करून उभी होती. ड्रायव्हर सटवानं गाडी हौदाला लावली, पाइप काढला, तेवढ्यात मागून जीप आली. नायब तहसीलदार रामकिसन साहेब उतरले. हातात लाखेची मोहोर केलेलं पाकीट.

“पाइप राहू द्या,” ते म्हणाले. पाकीट फोडून त्यांनी वाचलं. मित्र देशाच्या फौजा सरहद्द ओलांडून आत आल्या आहेत. भागातले सगळे टँकर भरलेल्या अवस्थेत हायवेवर जमा करावेत आणि पाचपर्यंत तिथंच उभे ठेवावेत.

“साहेब, कालपासून जनावरांनी पाणी न्हाई पेलं,” मी म्हणालो.

“मला दिसत न्हाई का, सुंदरराव? वरून निरीक्षक आलेत. बारा टँकर मोजून घेणार. एक कमी पडला तर उद्या तुमच्या छावणीचा कागद अडंल.”

आवाज चढलेला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तीन महिने दुष्काळाच्या ड्युटीवर होते, घरी दोनदा जाऊन आले असतील. स्वतःचा बाप दुसऱ्या छावणीत म्हशीपाशी राहतो, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मी सटवाला मान हलवून खुणावलं. ते मला अजून टोचतं. त्यानं पाइप गुंडाळायला घेतला.

तेव्हा भिवराबाई घागर घेऊन आली. सत्तरीची बाई. लेक-सून ऊसतोडीहून आले अन् लगेच बांधकामावर गेले. ही दोन बैल घेऊन ताडपत्रीखाली राहायची. त्यातला एक बैल सकाळपासून खाली बसला होता, उठत नव्हता. तिनं घागर टँकरच्या तोटीखाली ठेवली अन् चाकाला टेकून बसली.

“आजी, गाडी जायचीय,” सटवा म्हणाला.

“जाऊ दे की. मी कुठं धरलीय?” पण ती उठली नाही.

साहेब तिच्यापुढं उकिडवे बसले. हा सराव आहे, परकी फौज आलीय असं धरून चालायचं, असं समजावू लागले.

“कोण आलंय?”

“दोस्त देश.”

“दोस्त हाय तर चालून कावून आला?”

“तेच तपासायचंय, आजी. दुश्मनावर समद्यांची नजर असती. दोस्तावर कुणाची नसती.”

“अन् आल्यावर काय करतो त्यो?”

“रस्ते धरतो. दाणागोटा, पाणी ताब्यात घेतो.”

“घेऊ दे बाबा,” भिवराबाई डोळे मिटून म्हणाली. “पर आधी बैलाला पाजू दे.”

साहेब उठले. मग जीपमधून फॉर्म आणला, गुडघ्यावर धरून लिहिला अन् मला वाचून दाखवला. “अकरा चाळीस. टँकर एक, भरलेला, चालकासह, आक्रमकांच्या ताब्यात.” खाली साक्षीदाराची जागा होती. या वेळी मी ओळन् ओळ वाचली अन् मग सही केली.

“मला दुश्मन लिवलं व्हय?” भिवराबाईनं विचारलं.

“न्हाई आजी. दोस्त.”

सटवानं तोटी सोडली. दावणी ताणून जनावरं हौदाकडं ओढ घेऊ लागली. आम्ही रांगेनं सोडत गेलो. बसलेल्या बैलाच्या डोक्यावर बादली ओतली, दुसरी तोंडापुढं धरली. तासाभरानं साहेबांनी शेपटीकडून अन् मी खांद्याकडून जोर लावला, तेव्हा तो उभा राहिला. मधे साहेबांचा फोन वाजला. “परत मिळवायचे प्रयत्न चालू आहेत,” एवढंच बोलून त्यांनी तो बंद केला.

अहवालात आमचं महसूल मंडळ नापास झालं. साहेबांना नोटीस आली, मला जबाबाला बोलावलं.

“आक्रमक किती होते?” चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं.

“एक म्हातारी होती, साहेब.”

तो हसला नाही. लिहून घेतलं. साहेबांची बदली गेवराईकडं झाली, वाळूच्या गाड्या धरायला. छावणीला पंधराच दिवस वाढवून मिळाले.

छावणीची मुदत संपली तरी जुलै कोरडाच होता. भिवराबाईनं बैल तेलगावला पाहुण्याकडं न्यायचं ठरवलं, तिथं थोडं उसाचं वाढं मिळत होतं. हायवेपर्यंत मी तिच्यासोबत चालत गेलो. “येते,” एवढं म्हणून तिनं कासरा आखूड धरला अन् बैलांना कडेकडेनं घेऊन गेली. मी परत येऊन उरलेल्या ताडपत्र्या उतरवायला लागलो.